खाली फुटबॉल, वर आम्ही

इंग्लंडमधल्या जुन्या पबचा जिना ज्याने कोणी बांधला, त्याच्या डोळ्यांसमोर ड्रमवाला नव्हता एवढं नक्की. त्या काळी पबच्या वरच्या मजल्यावर एक फंक्शन रूम असायची. तिथे कामगार संघटनांच्या सभा भरत, लग्नाच्या पार्ट्या होत, आणि दफन उरकून आलेली मंडळी गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलत तेवढेच ग्लास रिचवत. या सगळ्या कार्यांना माणसं हात हलवत वर जात आणि हेलकावे खात खाली येत. त्यामुळे जिना अरुंद असला, मध्येच काटकोनात वळला, वळणावर डोक्याला लागेल असा पितळी दिवा टांगला, तरी कोणाची हरकत नव्हती. उलट उतरताना दोन्ही बाजूंच्या भिंतींचा आधार मिळे. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं की या खोलीत गाणंबजावणं ठेवावं. तेव्हापासून ब्रिटिश संगीताच्या इतिहासाचा निम्मा भाग जिन्यात घडला आहे, फक्त तो कोणी लिहून ठेवलेला नाही, कारण लिहायला हात मोकळे नव्हते.

मी बर्मिंगहॅममध्ये नोकरी करतो आणि संध्याकाळी एका बॅण्डमध्ये ड्रम वाजवतो. लहानपणी सांगलीला तबला शिकलो होतो. तबला-डग्गा हे किती समंजस वाद्य आहे ते ड्रमसेट विकत घेतल्यावर कळलं. तबला पिशवीत बसतो, पिशवी मांडीवर बसते, माणूस एसटीत बसतो. ड्रमसेटला मात्र स्वतःचं बिऱ्हाड असतं. त्यातही सगळ्यात जड असतात ते ड्रम नव्हेत. ते दिसायला मोठे, आतून पोकळ, राजकारणातल्यासारखे. खरी जड असते ती स्टॅण्डांची पेटी. तिच्यात नुसत्या लोखंडी नळ्या असतात आणि तिचा कुठलाही भाग वाजत नाही. आयुष्यभर जे ओझं वाहायचं ते वाजणारं नाही, हे समजूनच माणसाने ड्रमच्या वाटेला जावं.

बॅण्डमधल्या बाकीच्यांचं सांगायचं तर गिटारवाला शाळेत भूगोल शिकवतो. तो पाठीला गिटार लावून धनुर्धारी रामासारखा जिना चढतो आणि वर पोहोचल्यावर “कोणाला मदत हवी आहे का?” असं विचारतो. बेसवाला प्लंबर आहे. त्याला लोकांच्या घरी बॉयलर चढवायची सवय असल्यामुळे तो आमचा खरा कणा आहे. गायक नगरपालिकेच्या पार्किंग खात्यात आहे. तो काहीच उचलत नाही, त्याला आवाज जपावा लागतो. या तिघांत मी आलो तो माझ्या हातामुळे नाही. माझ्या गाडीची डिकी मोठी आहे. पुढे त्यांनी माझं वाजवणंही ऐकलं, पण तोवर सामान भरून झालं होतं.

पबच्या वर वाजवण्याची एक पद्धत आहे. एका रात्री तीन किंवा चार बॅण्ड, प्रत्येकाला अर्धा तास. दर बॅण्डने आपला ड्रमसेट आणून लावायचा आणि काढायचा म्हटलं तर पहाट होईल, म्हणून एकाचा सेट सगळ्यांनी वाजवायचा. बाकीच्या ड्रमवाल्यांनी फक्त आपला स्नेअर, आपल्या झांजा आणि आपलं पायाचं पेडल आणायचं. म्हणजे जे जे फुटू शकतं ते ज्याचं त्याने. सेट कोणाचा, हे आठवडाभर आधी मेसेजवर ठरतं, आणि ठरवताना सगळे ड्रमवाले एकदम गप्प होतात. शेवटी ज्याची डिकी मोठी, त्याचा सेट. मग तीन अनोळखी माणसं माझ्या स्टुलाची उंची आपापल्या पायांप्रमाणे करून घेतात. त्यातला एक तरी साडेसहा फुटी असतो. आमची पाळी आली की मी स्टुलावर बसतो आणि माझे पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत.

साउंडचेक हा खरा कार्यक्रम. तो दुपारी चारला बोलावलेल्या माणसांसाठी संध्याकाळी सहाला सुरू होतो. साउंडवाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलामागे उभा असतो. काळा टी-शर्ट, खिशात टॉर्च, कमरेला चिकटपट्टीचं भेंडोळं. तो कोणाशी बोलत नाही, फक्त एक शब्द उच्चारतो, “किक.” म्हणजे पायाने मोठा ड्रम वाजवत राहायचं. धप्प. धप्प. धप्प. तो बटणं फिरवतो. धप्प. धप्प. आवाजात मला काडीचा फरक पडलेला ऐकू येत नाही, पण त्याचा चेहरा आजारी माणसाची नाडी पाहिल्यासारखा गंभीर. खाली बारमध्ये म्हातारी माणसं या वेळी जेवत असतात. त्यांच्या टेबलावरच्या काट्याचमच्यांना माझा पाय कळत असणार, कारण मध्येच मालकीणबाई वर येऊन “अजून किती?” असं विचारून जातात. किक झाली की स्नेअर, मग एकेक ड्रम, मग झांजा. एवढं सगळं झाल्यावर गिटारवाल्याने दोन तारा छेडल्या की साउंडवाला म्हणतो, “छान, पुढचा.” शेवटी सगळे मिळून एक कडवं वाजवायला घेतो तोच दार उघडायची वेळ होते.

या खोलीत मोठा ड्रम वाजवताना आणखी एक गंमत आहे. जुन्या लाकडी जमिनीला किंचित उतार असतो. दर ठोक्याला ड्रम एक केसभर पुढे सरकतो. अर्ध्या तासात तो गायकाच्या टाचेला लागतो. त्यासाठी ड्रमखाली गालिचा घालतात. प्रत्येक पबमध्ये असा एक गालिचा असतो आणि तो कोणीही कधीही धुतलेला नसतो. त्यावर वेगवेगळ्या ड्रमवाल्यांनी आपापल्या स्टॅण्डच्या खुणांसाठी चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात, थरावर थर. उद्या कोणी पुरातत्त्व खात्याचा माणूस आला तर त्याला त्यावरून बर्मिंगहॅमच्या तीन पिढ्यांच्या पायांची लांबी काढता येईल.

कायद्यानेही या वरच्या मजल्याकडे बारीक लक्ष ठेवलेलं आहे. 2005 पर्यंत इंग्लंडात असा नियम होता की पबमध्ये दोन कलाकारांपर्यंत गाणंबजावणं खुशाल चालेल, तिसरा आला की करमणुकीचा वेगळा परवाना काढा. म्हणजे दोघांनी कितीही मोठ्याने वाजवलं तरी शांतता भंग होत नाही, पण तिसरा माणूस हळूच खुळखुळा घेऊन उभा राहिला की झाला. या हिशेबाने बीटल्सना दोन पाळ्यांत वाजवावं लागलं असतं. पुढे सरकारला हा नियम हास्यास्पद वाटला, म्हणून त्यांनी तो रद्द केला आणि एकट्यादुकट्यालाही परवान्याखाली आणलं. मग बरीच ओरड झाली आणि 2012 मध्ये लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट आला. सकाळी आठ ते रात्री अकरा, प्रेक्षक दोनशेच्या आत असतील तर पबला संगीतासाठी वेगळी परवानगी नको. 2015 मध्ये ही मर्यादा पाचशेवर नेली. आमच्या कार्यक्रमाला पाचशेच्या वर माणसं येऊ नयेत ही काळजी करणारं सरकार जगात दुसरं नसेल.

अकराची वेळ मात्र पक्की. आणि अकराच्या आतही आवाजाला राखणदार असतो. भिंतीवर एक छोटी पेटी आणि तिच्यावर सिग्नलसारखे तीन दिवे. हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे सांभाळा, आणि लाल काही सेकंद राहिला की स्टेजची वीजच जाते. गिटार मरते, बेस मरतो, गायकाचे ओठ हलताना दिसतात. ड्रमला वीज लागत नसल्यामुळे मी तेवढा चालू राहतो आणि सगळी खोली माझ्याकडे संशयाने बघते. मी वाजवताना गाण्याकडे कमी आणि त्या दिव्याकडे जास्त बघतो. एकदा आम्ही अत्यंत संयमाने, पिवळ्याच्या अलीकडे राहून, एक गाणं संपवलं. लोकांना ते आवडलं, त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि टाळ्यांनी लाल दिवा लागून वीज गेली.

ही पेटी बहुतेक वेळा शेजाऱ्यांपायी येते. पब शंभर-सव्वाशे वर्षांचा, शेजारचा फ्लॅट परवाचा. ‘चैतन्यमय परिसर’ अशी जाहिरात वाचून माणूस फ्लॅट घेतो आणि पहिल्याच शुक्रवारी चैतन्याविरुद्ध तक्रार करतो. आता 2018 पासून इंग्लंडच्या नियोजनाच्या धोरणात लिहून ठेवलंय की नवीन बांधकाम करणाऱ्याने आवाजाचा बंदोबस्त करावा, आधीपासून असलेल्यावर ती जबाबदारी टाकू नये. चांगली गोष्ट आहे. पण तोवर उकाड्यातसुद्धा खिडक्या बंद ठेवून वाजवायचं हा रिवाज पडला तो पडलाच. जुलैत आमची खोली इतकी तापते की गिटारींचा स्वर उतरतो आणि गायकाचा चढतो.

दारावर एक मुलगा कागद घेऊन बसलेला असतो. कागदावर आज वाजवणाऱ्या बॅण्डांचे रकाने. येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारतो, “कोणाला ऐकायला आलात?” आणि त्या रकान्यात एक रेघ मारतो. ठरावीक रेघांच्या वर जेवढ्या रेघा, तेवढे पैसे त्या बॅण्डला. संगीताचं मूल्यमापन इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे होत नाही. माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा तिने सरळ सांगितलं, “नवऱ्याला.” मुलाने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि नम्रपणे म्हणाला, “या नावाचा बॅण्ड आज नाहीये.” आमच्या बॅण्डचं खरं नाव तिला आठवेना, कारण त्या महिन्यात ते बदललं होतं. शेवटी तिने जे नाव बरं वाटलं त्यावर बोट ठेवलं. आमच्या घरातले दहा पौंड त्या रात्री प्रतिस्पर्ध्यांकडे गेले.

एरवी प्रेक्षक म्हणजे कोण? पहिला बॅण्ड वाजवतो तेव्हा दुसरा आणि तिसरा बॅण्ड प्रेक्षक असतात. दुसरा चढला की पहिला खाली उतरून टाळ्या वाजवतो. पुढच्या महिन्यात आपण त्यांच्या कार्यक्रमाला जायचं, त्यापुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या. अहेरासारखं आहे हे, वहीत लिहिलेलं नसलं तरी प्रत्येकाला पाठ असतं. दहा पौंडांची एकच नोट गावभर फिरत असते आणि दर फेरीला तिच्यातली थोडी बिअर होते.

स्टेजसमोर अर्धवर्तुळाकार रिकामी जागा असते. माणसं भिंतीला, बारला, खांबाला, एकमेकांना टेकून उभी राहतील, पण पुढे येणार नाहीत. गायक “पुढे या, आम्ही चावत नाही” म्हणतो. ते हसतात आणि मागे सरकतात. त्या रिकाम्या जागेतून फक्त दोन प्रकारची माणसं जातात. एक म्हणजे फोटो काढणारा. दुसरा, ज्याला संडासला जायचंय तो. आम्ही नेहमी वाजवतो त्या खोलीत पुरुषांच्या संडासाचं दार स्टेजच्या शेजारी आहे. गाणं ऐन रंगात आलं की एक इसम मान खाली घालून, ग्लास हातात घेऊन, गायक आणि बेसवाल्याच्या मधून वाट काढत जातो. जाताना दार उघडतं तेव्हा आतला हात वाळवायच्या यंत्राचा आवाज आमच्या गाण्यात येतो. येताना तो आमच्याकडे बघून अंगठा दाखवतो. टाळी नको, पण हा अंगठा मिळाला की बरं वाटतं.

प्रत्येक खोलीत एक आजोबाही असतात. खांबाजवळची जागा, एक पाइंट, कानात पिवळे बोळे. ते कोणत्याच बॅण्डचे नसतात, दारावरच्या मुलाने त्यांना विचारणं कधीच सोडून दिलंय. त्यांनी सगळं ऐकलेलं असतं. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ येतात, विचार करून म्हणतात, “मागच्या वेळी ड्रम जरा बरे लागले होते,” आणि जातात. मागच्या वेळी माझा सेट दुसऱ्याने वाजवला होता.

बुधवारी अ‍ॅस्टन व्हिलाची फुटबॉल मॅच असली की खालचा बार गच्च भरतो. आमच्या गायकाने आपल्या घटस्फोटावर एक गाणं लिहिलंय. संथ, हळवं, आणि आमच्या सगळ्या गाण्यांत खरंच चांगलं. त्यात ‘ती निघून गेली’ या अर्थाच्या ओळीनंतर आम्ही सगळे थांबतो. पूर्ण शांतता, चार मात्रा. त्या बुधवारी तो ती ओळ म्हणाला, आम्ही थांबलो, आणि जमिनीखालून शंभरेक माणसांनी एकदम जल्लोष केला. खुर्च्या आपटल्या, कोणी तरी टेबलावर चढलं असावं. गायकाचा चेहरा पाहवेना. पण तो खरा कलाकार, त्याने पुढचं कडवं उचललं. गाणं संपलं, वर लोक टाळ्या वाजवायला हात जोडणार, तेवढ्यात खालून एक प्रचंड, लांबलचक, निराश ‘ओऽऽऽह’ आला. टीव्हीवर पंचाने गोल रद्द केला होता. बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर मिळायचे म्हणतात. आमचं पद मान्य होऊन लगेच फेटाळलं गेलं.

मग हे सगळं कशासाठी? हा प्रश्न आई दर रविवारी सांगलीहून विचारते. “दारूच्या दुकानाच्या माडीवर तू ढोल वाजवतोस, आणि वर ते तुलाच तिकिटं खपवायला सांगतात?” तिच्या तोंडून ऐकलं की उत्तर सुचत नाही. “पैसे किती सुटतात?” म्हटलं, पेट्रोल निघतं. “अरे, मग बिअर तरी फुकट ना?” प्रत्येकी दोन कुपनं मिळतात, सोडतीच्या तिकिटासारखी गुलाबी, आणि त्यावर बारमधली सगळ्यात पाणचट बिअर. हे मी आईला सांगितलं नाही. म्हटलं, आपण पीत नाही ना.

यावर बॅण्डवाल्यांचं एक ठेवणीतलं उत्तर आहे. 31 मे 1993. ग्लासगोतल्या किंग टट्स वा वा हट या पहिल्या मजल्यावरच्या तीनशे माणसांच्या खोलीत ओअ‍ॅसिस नावाचा कोणाला माहीत नसलेला बॅण्ड वाजवून गेला आणि प्रेक्षकांत उभ्या असलेल्या अ‍ॅलन मगीने त्यांना आपल्या रेकॉर्ड कंपनीत घ्यायचं ठरवलं. तिथल्या जिन्याच्या पायऱ्यांवर वाजवून गेलेल्यांची नावं रंगवली आहेत, वर्षवार. सामान चढवताना वाचायला बरी. बर्मिंगहॅमवाल्यांना तर ग्लासगोलाही जावं लागत नाही. किंग्ज हीथमधल्या हेअर अँड हाउंड्स या पबात यूबी-40 पहिल्यांदा वाजले, 9 फेब्रुवारी 1979. बेकारभत्त्याच्या फॉर्मवरून बॅण्डचं नाव ठेवणारी माणसं, त्यांना या धंद्याची पूर्ण कल्पना होती. स्टेशनजवळच्या क्राउन पबच्या माडीवर 1968 मध्ये जिम सिम्पसन यांनी ब्लूजचा क्लब काढला आणि पुढे जे ब्लॅक सबॅथ झाले ती पोरं तिथे वाजवायची. आमचा बेसवाला हे सगळं जिन्यात, माझ्या स्टॅण्डांच्या पेटीचं दुसरं टोक धरून सांगतो. प्रत्येक बॅण्डला आठ माणसांसमोर वाजवताना वाटत असतं की त्यातला एक मगी असणार. आठातले सात ओळखीचे असतात आणि आठवा संडासला आलेला असतो.

खरं सांगायचं तर मालकांची अवस्था आमच्याहून वाईट आहे, आणि याबद्दल मला हसू येत नाही. म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ही संस्था अशा छोट्या जागांचा हिशेब ठेवते. 2023 या एका वर्षात ब्रिटनमधल्या 125 जागांनी संगीत बंद केलं. उरलेल्यांचा त्या वर्षीचा सरासरी नफा अर्धा टक्का. म्हणजे शंभर पौंडांचा गल्ला, तर पन्नास पेनी हातात. तेवढ्यात आमची गुलाबी कुपनंसुद्धा येत नाहीत. वरची खोली बिअर खपवत नाही, आमच्यासारखे चार जण नळाचं पाणी मागतात. त्या खोलीत रोज योगाचा क्लास ठेवला तर मालकीणबाईंना जास्त पैसे मिळतील आणि जिनाही वाचेल. मोठ्या मैदानांवरच्या तिकिटांमागे एकेक पौंड या छोट्या खोल्यांसाठी बाजूला काढावा अशी ट्रस्टची मागणी आहे. मला ती अगदी रास्त वाटते. जे आज वीस हजारांसमोर गातात, त्यांच्यासाठीही कोणीतरी कधीतरी या वळणावर ‘जरा तिरकं करा’ म्हटलेलंच असेल.

गेल्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर आयोजक आला. गायकाच्या हातात पाकीट दिलं, ते मोजायला वेळ लागला नाही. मग म्हणाला, “लोकांना आवडलात. पुढच्या वेळी मुख्य बॅण्ड तुम्ही.” गायकाचे डोळे भरून आले. घरी येताना मी ही बातमी बायकोला सांगितली.

“म्हणजे बढतीच की!” ती म्हणाली. “काय फरक पडेल आता?”

मी म्हटलं, मुख्य बॅण्डचा साउंडचेक सगळ्यात आधी असतो आणि वाजवायची पाळी सगळ्यात शेवटी. तोवर शेवटच्या बसच्या भीतीने लोक गेलेले असतात.

“आणि ड्रमसेट?”

तो मुख्य बॅण्डने आणायचा असतो.